सत्तेचाळीस नंबरचा खटका

पिस्तूल समोर आलं की चारचौघांचा पहिला प्रश्न असतो, "भरलेलं तर नाही ना?" जुनी पिस्तुलं जमवणारा माणूसही आधी तेच तपासतो, पण सवयीनं, दोन सेकंदांत. त्याचा खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो आणि कधीकधी वर्षानुवर्षं मिटत नाही: हा डाव्या बाजूचा एवढासा खटका कारखान्यातून निघताना याच पिस्तुलाला होता, की मागाहून कुणी बसवला? पिस्तूल उडतं का, नेम नीट लागतो का, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसतं. कुणी ते उडवून बघायची भाषा केलीच, तर देवघरातल्या समईवर पापड भाजायला मागितल्यासारखा चेहरा करून तो विषय बदलतो.

आपल्याकडे हा छंद फोफावण्याची भीती नाही. परवान्याची बंदूक म्हणजे निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सोडवून आणायची वस्तू, एवढीच आपली तिच्याशी ओळख. अमेरिकेत मात्र या छंदाची वार्षिक जत्रा असते, आणि ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात तर ती एप्रिल आणि नोव्हेंबर अशी दोनदा भरते. एका छपराखाली चार हजारांहून जास्त टेबलं. माणसं त्या टेबलांमधून भिंग घेऊन वाकून वाकून फिरतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं की कुणाची तरी कॉन्टॅक्ट लेन्स पडली आहे आणि सगळं राज्य ती शोधायला मदत करतंय.

आमचा मावसभाऊ, ज्याला अख्खं घर दादा म्हणतं, तेलाच्या कंपनीतून निवृत्त होऊन तिकडेच राहिला आहे. लहानपणी दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल वाजलं तरी कानात बोटं घालणारा हा माणूस. साठीनंतर त्याला लुगर पिस्तुलाचं वेड लागलं. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्यानं मला नायगारा दाखवला नाही, ग्रँड कॅन्यन दाखवला नाही. चहा झाल्याबरोबर त्यानं मऊ कापडात गुंडाळलेलं एक पिस्तूल टेबलावर ठेवलं, माझ्या हातात भिंग दिलं आणि म्हणाला, "सांग, हा खटका मूळचा आहे का?"

आता मी मराठी शाळेत शिकलेला माणूस. 'मूळचा' हा प्रश्न मला आजवर फक्त आडनावाच्या बाबतीत विचारला गेला होता.

दादाचं बरोबर होतं म्हणा. हा प्रश्न विचारायचा तर लुगरलाच विचारावा. गेऑर्ग लुगर हा ऑस्ट्रियाच्या टायरोल भागात १८४९ साली जन्मलेला गृहस्थ. त्याच्याआधी ह्यूगो बोर्शार्ट नावाच्या तंत्रज्ञानं १८९३ मध्ये एक आपोआप भरणारं पिस्तूल बनवलं होतं. ते उत्तम चालत असे, पण ते धरायला बोर्शार्टसारखाच आशावादी माणूस लागे, इतकं ते बोजड. लुगरनं ते आटोपशीर केलं. स्वित्झर्लंडनं १९०० साली ते सैन्यात घेतलं, जर्मन नौदलानं १९०४ मध्ये आणि जर्मन लष्करानं १९०८ मध्ये. म्हणून त्याचं सरकारी नाव पी-०८. गोळी सुटली की त्याच्या पाठीवरचा सांधा गुडघ्यासारखा वर दुमडतो आणि परत सरळ होतो. चित्रपटांतल्या जर्मन अधिकाऱ्याच्या हातात हमखास दिसतं ते हेच.

हा गुडघा फार नाजूक मापाचा. भाग यंत्रावर तयार व्हायचे, पण शेवटी कारागीर कानस घेऊन बसायचा आणि एकेक भाग त्या-त्या पिस्तुलाला घासूनपुसून बसवायचा. एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्याला नीट बसेलच याची खात्री नसे. आणि सैनिकांना तर रोज शस्त्र खोलून साफ करायचं असतं, तेही बराकीत, एका बाकावर दहाजणांनी मिळून. दहा पिस्तुलांचे सुटे भाग एका बाकावर पडले की काय होईल हे ओळखायला जर्मन असण्याची गरज नाही. पण त्यावर उपाय करायला मात्र जर्मनच हवा. त्यांनी प्रत्येक बारीकसारीक भागावर त्या पिस्तुलाच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे ठोकले. सांगाड्यावर आणि नळीवर पूर्ण नंबर, बाकी चाप, सेफ्टीचा खटका, बाजूची पट्टी, गुडघ्याचे सांधे, सगळ्यांवर दोन-दोन आकडे. लाकडी मुठीच्या आतल्या बाजूलाही. मॅगझिनच्या बुडालाही नंबर, आणि जोडीला दिलेल्या दुसऱ्या मॅगझिनला तोच नंबर आणि वर अधिकचं चिन्ह.

ही सगळी व्यवस्था कशासाठी, तर कॉर्पोरलनं सकाळी आरडाओरडा करू नये म्हणून. त्या बिचाऱ्या ठोकणाऱ्या कामगाराला कल्पनाही नसेल की आपण नुसते आकडे ठोकत नाही, शंभर वर्षांनी ओक्लाहोमात होणाऱ्या भांडणांची पायाभरणी करतो आहोत.

दादाचं पिस्तूल १९१७ सालचं, बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कारखान्यातलं. त्या कारखान्याचं पूर्ण नाव 'डॉइचे वाफेन उंड मुनिट्सिऑन्सफाब्रिकेन'. ते एका दमात म्हणून होईपर्यंत समोरच्याला आठ गोळ्या झाडता येतात. पिस्तुलाचा नंबर ३८४७ आणि त्याखाली एक छोटं अक्षर. ते अक्षर महत्त्वाचं, कारण जर्मन लष्कराच्या पद्धतीत नंबर दर वर्षी नव्यानं एकपासून सुरू व्हायचे. दहा हजार झाले की पुन्हा एक, पण यावेळी मागे 'ए'. मग 'बी'. त्यामुळे ३८४७ नंबरचं लुगर जगात एकच नाही, त्याचं एक भरगच्च एकत्र कुटुंब आहे. साल, कारखाना आणि शेपटीचं अक्षर सांगितल्याशिवाय नेमकं कोण ते कळत नाही.

मी भिंगातून बघितलं. बाजूच्या पट्टीवर ४७. चापावर ४७. सेफ्टीवर ४७. आणि पिस्तूल खोलण्याचा तो डावीकडचा खटका, त्यावरही ४७. मी सुटकेचा निःश्वास टाकून म्हटलं, "सगळं जुळतंय की रे दादा!"

दादानं माझ्याकडे ज्या करुणेनं बघितलं ती मी विसरणार नाही. म्हणाला, "जुळतंय, म्हणूनच तर शंका."

मग त्यानं हिशेब सांगितला. शेवटचे दोन आकडे म्हणजे ००पासून ९९पर्यंत शंभर शक्यता. म्हणजे कुठलीही शंभर लुगरं घेतली तर सरासरी एकाचे शेवटचे आकडे ४७ असणार. आणि लुगरं शेकड्यांनी झालेली नाहीत, लाखांनी झाली आहेत. म्हणजे जगात ४७ नंबरचे अस्सल खटके हजारो. पिस्तुलावरचा एखादा भाग वेगळ्या नंबरचा निघाला तर त्याची किंमत धाडकन खाली येते. सगळेच भाग विजोड असतील तर निम्म्यावर येते, कधी त्याहूनही खाली. तेव्हा एखाद्याच्या जवळ ४७चं पिस्तूल असेल आणि त्यावर नेमका ८८चा खटका असेल, तर तो काय करतो? तो जत्रेत जातो. तिथे काही टेबलांवर पसरट डब्यांत नुसते सुटे भाग मांडलेले असतात. माणसं त्यावर तासन्‌तास वाकलेली. एक म्हणतो, "एकवीसची पट्टी आहे का?" दुसरा म्हणतो, "शहात्तरचा चाप दिसला तर हाक मारा." मिळाला, की शंभर वर्षांत एकमेकांचं तोंड न पाहिलेले दोन भाग संध्याकाळपर्यंत जन्मोजन्मीचे सोबती होतात. अशा पिस्तुलात भाग खरा, नंबर खरा, कारखाना खरा. खोटं असतं ते फक्त नातं. आणि नात्याला भिंग लागू पडत नाही.

तरीही माणसं लावतात. दादाच्या ४७च्या खटक्याचा निवाडा करायला त्या रविवारी त्याच्या जेवणाच्या टेबलाभोवती त्याचे चार मित्र जमले. वहिनींनी साबुदाण्याची खिचडी केली होती. चौघांनीही हात धुऊन ती खाल्ली, पुन्हा हात धुतले, आणि सुती हातमोजे चढवले. पहिला होता आयुष्यभर लेथवर काम केलेला निवृत्त कारागीर. त्यानं नंबर सोडून फक्त आकड्यांच्या कडा बघितल्या. पंच हातोड्यानं ठोकला की धातू बाजूला सरकतो आणि आकड्याच्या भोवती केसाएवढा उंचवटा राहतो. मागाहून कुणी पॉलिश मारलं तर तो उंचवटा सपाट होतो. कुणी यंत्रानं कोरून आकडा घातला तर मुळात उंचवटा येतच नाही आणि तळ सपाट दिसतो. पिना बसतात त्या भोकांच्या कडाही त्यानं तपासल्या. पॉलिशच्या चाकावर धरलेल्या पिस्तुलाच्या भोकांच्या कडा गोलसर होऊन बशीसारख्या खोलगट होतात. पंधरा मिनिटांनी तो म्हणाला, "ठोकलेला आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तो म्हणाला, "पण कोणी ठोकलाय ते धातू सांगत नाही." सगळ्यांनी पुन्हा माना डोलावल्या.

दुसरा पुस्तकवाला. त्याच्या पिशवीत विटेच्या जाडीचे ग्रंथ. चार्ल्स केन्यन यांचं 'लुगर्स ॲट रँडम' या मंडळींच्या घरात हमखास असतं, तसं ते याच्याकडेही होतं, पण पानांपानांत खुणेच्या चिठ्ठ्या. याला ४७मधला इंग्रजी चार आवडला नाही. सांगाड्यावरच्या चाराचा माथा आणि खटक्यावरच्या चाराचा माथा यांत त्याला फरक दिसला. मला भिंगातूनही दिसला नाही. पण मी गप्प राहिलो. त्यावर कारागीर म्हणाला, सांगाडा एका बाकावर ठोकला असेल, खटका दुसऱ्या. पंचांचा संच वेगळा असू शकतो. १९१७ साल, युद्ध ऐन भरात, कोण कुठला पंच उचलतोय ते बघायला वेळ कोणाला? पुस्तकवाला म्हणाला, शक्य आहे. या छंदात 'शक्य आहे' याचा अर्थ 'मला पटलेलं नाही, पण वाद नंतर घालू' असा होतो.

तिसरा रंगाचा जाणकार. त्या काळच्या लुगरचं अंग निळं-काळं असे, पण चाप, सेफ्टी, हा खटका असे मोजके छोटे भाग गवताच्या काडीसारखे पिवळे. हा रंग लावलेला नसतो. घासून चकचकीत केलेलं पोलाद तापवलं की साधारण सव्वादोनशे अंश सेल्सिअसला त्यावर पिवळी झाक येते, आणखी तापवलं की तपकिरी, मग जांभळी, आणि तीनशेच्या आसपास निळी. पुढे लुगर बनवू लागलेल्या माउझर कारखान्यानं १९३७च्या सुमारास अंगाला निळाई चढवण्याची पद्धतच बदलली आणि हे पिवळे भागही बंद करून सरसकट सगळं निळं केलं. म्हणून १९४१च्या पिस्तुलावर पिवळा खटका दिसला तर तो उपरा, आणि १९१७च्या पिस्तुलावर निळा दिसला तर तोही उपरा. दादाचा खटका पिवळा होता. पण हा पिवळा शंभर वर्षांपूर्वीचा, की गेल्या वर्षीचा? कारण घरातल्या ओव्हनमध्येसुद्धा पोलाद तेवढं तापतं.

इथे वहिनींनी पहिल्यांदाच संभाषणात भाग घेतला. नकली पिवळा कसा दिसतो ते कळावं म्हणून दादानं एक भंगारातला खटका त्यांच्या ओव्हनमध्ये भाजून बघितला होता. "भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "तुम्ही आल्यापासून खाताय ना, त्या नानकटाईच्या आधीची बॅच."

तिसऱ्या गृहस्थांनी नंतर जे केलं ते मी त्यांच्या वयाकडे बघून केवळ डोळे मोठे करून पाहिलं. त्यांनी पिस्तूल नाकाजवळ नेलं आणि डोळे मिटून हुंगलं. त्यालाही कारण आहे. जुन्या पद्धतीची निळाई म्हणजे मुद्दाम आणलेला गंज: आम्लाचं पाणी लावायचं, गंजू द्यायचं, उकळत्या पाण्यात बुडवायचं, तारेच्या ब्रशनं खरवडायचं, आणि मनाजोगता रंग येईपर्यंत पुन्हा पुन्हा हेच. हल्ली बाटलीतून मिळणारं एक रसायन असतं, ते फडक्यानं चोळलं की ओरखडे दोन मिनिटांत काळे होतात. पण त्याचा एक उग्र वास मागे रेंगाळतो. तेव्हा हुंगणं ही शास्त्रोक्त परीक्षा आहे. पिस्तूल हातोहात फिरलं आणि पाच सुशिक्षित, नातवंडं असलेल्या माणसांनी ते आळीपाळीनं हुंगलं. मीही हुंगलं. मला खिचडीतल्या जिऱ्याचा वास आला.

चौथा मनुष्य व्यापारी. त्यानं खटक्याकडे बघितलंच नाही, दादाकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही विकणार आहात की ठेवणार?" दादा म्हणाला, "ठेवणार." तो म्हणाला, "मग बदललेला असावा." दादानं विचारलं, "आणि विकणार असतो तर?" तो म्हणाला, "मी विकत घेणार असतो तर नक्कीच बदललेला. मी विकणार असतो तर आईच्या पोटातून आणलेला."

या निवाड्याच्या कामात मला सगळ्यात आवडली ती त्यांची श्रेणींची भाषा. भाग नुसता खरा किंवा खोटा असून भागत नाही. 'ओरिजिनल' म्हणजे कारखान्यात बसवलेला तोच. त्याखाली 'करेक्ट': त्या काळचा, त्या कारखान्याचा, त्या पद्धतीचा, पण तोच की नाही हे देव जाणे. त्याखाली 'पीरियड': सैन्याच्याच शस्त्रागारात, सैन्याच्याच मिस्त्रीनं तुटलेला भाग बदलून बसवलेला, पुष्कळदा जुना नंबर खोडून नवा ठोकलेलाही दिसतो. सगळ्यात तळाशी जबरदस्तीनं जुळवलेला, म्हणजे बाहेरच्या कुणीतरी परका नंबर घासून आपल्याला हवा तो ठोकलेला. आता गंमत बघा. सैन्याच्या मिस्त्रीनं नंबर खोडून नवा ठोकला तर तो इतिहास, आणि टल्सामधल्या मिस्त्रीनं तेच केलं तर ती लबाडी. दोघांचा हातोडा सारखा, पंच सारखा, पगार घेण्याचं ठिकाण तेवढं वेगळं.

बरं, कारखान्यानं केलं ते पवित्र म्हणावं, तर कारखानेही सरळ वागत नाहीत. एर्फुर्टच्या सरकारी कारखान्यातले तपासनीस इतके निष्ठावान की त्यांनी बारीकसारीक भागांवरही मुकुटाचा शिक्का मारून ठेवला. पण तिथलं कातकाम मात्र बर्लिनच्या मानानं खडबडीत. म्हणजे काम कमी आणि शिक्के जास्त. आपल्याला हे फारसं परकं वाटू नये. १९४५ साली फ्रेंच सैन्यानं ओबर्नडॉर्फमधला माउझर कारखाना ताब्यात घेतला तेव्हा तिथे उरलेल्या भागांतून त्यांनी लुगरं जुळवून घेतली. हातात आला तो भाग, जुळला तर ठीक. यातली बरीच पिस्तुलं विजोड आहेत, पण ती कारखान्यातून निघतानाच विजोड होती. म्हणजे अशा एखाद्या पिस्तुलाचे सगळे भाग अगदी शिस्तीत जुळत असतील तर तेच संशयास्पद वाटावं! आणि अमेरिकेत कारखान्यांच्या कामगारांनी सुटे भाग जेवणाच्या डब्यातून बाहेर आणून घरी जोडलेल्या पिस्तुलांना तर 'लंचबॉक्स' असं नावच आहे. त्यात प्रत्येक स्क्रू कारखान्याचा, जोडणारे हात कारखान्याचे, कौशल्य कारखान्याचं. फक्त फाटकावरची पावती नाही.

अमेरिकन मंडळींनी स्वतःच्या लष्करी पिस्तुलात मात्र या सगळ्या कटकटीला जागाच ठेवली नव्हती. जॉन ब्राउनिंगनं आखलेलं, १९११ साली सैन्यानं घेतलेलं पॉइंट फोर फाइव्हचं कोल्ट. त्याचं तत्त्व असं की कुठलाही भाग कुठल्याही पिस्तुलाला बसला पाहिजे. मग भागाभागावर नंबर कशाला? दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल नुसतं कोल्टनं नाही, तर रेमिंग्टन रँड या टाइपरायटर बनवणाऱ्या कंपनीनं केलं, आणि केलं ते सुमारे नऊ लाख. युनियन स्विच अँड सिग्नल या रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या कंपनीनं केलं. इथाका कंपनीनं केलं. आणि सिंगरनं केलं. हो, तीच सिंगर. आपल्या आजीच्या खोलीत खिडकीखाली पायडलचं मशीन होतं ना, त्या मशीनवाल्यांनी सरकारच्या शैक्षणिक म्हणवल्या गेलेल्या एका ऑर्डरीखाली १९४१ साली ५०० पिस्तुलं केली आणि हात झटकले. आज त्या पाचशेंपैकी एखादं खरं सिंगर निघालं तर संग्राहक घर गहाण ठेवायला तयार होतात. आणि ५०० नगांच्या मागे पैसा इतका, की ज्या पिस्तुलावर सिंगरचं नाव दिसेल त्याच्याकडे आधी चोर म्हणून बघायचं आणि मग पिस्तूल म्हणून, अशी रीत पडली आहे.

सैन्यानं ही सगळी पिस्तुलं वर्षानुवर्षं वापरली, दुरुस्तीला पाठवली. शस्त्रागारात ती खोलून भाग ढिगात टाकले आणि ढिगातून उचलून पुन्हा जोडली. टाइपरायटरवाल्यांची वरची बाजू, सिग्नलवाल्यांचा सांगाडा, तिसऱ्याचीच नळी. अशाला तिकडे 'मिक्समास्टर' म्हणतात. पिस्तुलानं तक्रार केली नाही, कारण ते त्यासाठीच आखलेलं होतं. तक्रार आली ती साठ वर्षांनी, संग्राहकाकडून. मग नंबर नाही म्हटल्यावर त्यानं घोड्याच्या शेंडीची रुंदी मोजायला घेतली, मुठीवरच्या प्लॅस्टिकच्या आतल्या खुणा वाचायला घेतल्या, नळीवर कोणत्या पुरवठादाराची अक्षरं आहेत ते शोधायला घेतलं. अमेरिकनांनी एवढं चोख काम करून जुळवाजुळवीचा प्रश्नच संपवला होता. संग्राहकांनी तो नव्यानं उभा केला. कोल्टकडे पत्र पाठवून पैसे भरले तर कंपनी जुन्या नोंदी पाहून लिहून देते: अमुक नंबर अमुक दिवशी अमुक ठिकाणी रवाना. पण त्या पत्रात पिस्तुलाची रवानगी असते, खटक्याची नसते.

हे सगळं ऐकल्यावर माझ्या ध्यानात आलं की इथे मान कोणाला आहे. सगळे नंबर जुळणारं, मूळची निळाई शाबूत, एकही भाग न बदललेलं पिस्तूल म्हणजे कोणतं? जे कधी कामाला लागलंच नाही ते. जे पिस्तूल चिखलात गेलं, ज्याचा स्ट्रायकर हजार गोळ्यांनी मोडला, ज्याला मिस्त्रीनं खंदकामागच्या छावणीत रात्री दिव्याखाली नवा भाग बसवला, ते 'नॉन-मॅचिंग', निम्म्या भावाचं. आणि जे कुठल्याशा गोदामाच्या कपाटात तेल पिऊन चार वर्षं पडून राहिलं, ज्यानं आपल्या नोकरीत एकही गोळी झाडली नाही, त्याच्यापुढे माणसं हातमोजे घालून उभी राहतात. आपल्या सरकारी कचेरीत हे तत्त्व फार पूर्वीपासून मान्य आहे. ज्यानं तीस वर्षांत एकाही फायलीवर निर्णय घेतला नाही त्याचंच सर्व्हिस बुक निष्कलंक असतं, आणि निरोपसमारंभात त्याच्याविषयीच सांगतात की साहेबांवर कधी एक ठपका आला नाही. ज्यानं काम केलं त्याच्या पुस्तकात चौकशा, खुलासे, बदल्या, खाडाखोड, म्हणजे सगळंच विजोड.

मी हे दादाला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मग घडलेलं जपायचं असेल तर कामाचं पिस्तूल जपायला हवं." मी म्हटलं, "अगदी." तो म्हणाला, "पण त्याला भाव नाही ना." आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावलं.

कारण भाव असतो गोष्टीला. या जत्रेतलं एक जुनं वचन आहे: पिस्तूल विकत घ्या, गोष्ट विकत घेऊ नका. हे वचन प्रत्येकाला पाठ आहे आणि पाळत कुणीच नाही. कुठल्याही टेबलापाशी दोन मिनिटं उभं राहा. हे लुगर विक्रेत्याच्या आजोबांनी एका जर्मन अधिकाऱ्याकडून काढून घेतलेलं असतं. अधिकारी सहसा कर्नलच्या खाली नसतो. या जत्रेतल्या गोष्टी जमेस धरल्या तर जर्मन सैन्यात साधा शिपाई कुणी नव्हताच, सगळे कर्नल आणि जनरलच होते, आणि ते एकेकटे फिरत होते, म्हणून हरले. क्वचित कुणाकडे खरोखरच कागद असतो. अमेरिकन सैनिकांना लुटीची वस्तू घरी नेण्यासाठी वरिष्ठांच्या सहीचा दाखला मिळे, त्यावर पिस्तुलाचा नंबरही लिहिलेला असे. असा दाखला सोबत असला की किंमत वर जाते. साहजिकच आता दाखलाही खरा की खोटा ते ठरवणारे वेगळे जाणकार आहेत, आणि ते कागद हुंगतात.

आता खटक्याचा निकाल. चार जाणकारांची मतं अशी पडली: कारागीर म्हणाला, मूळचा असायला हरकत नाही. पुस्तकवाला म्हणाला, नसायला हरकत नाही. रंगाच्या जाणकारानं खटक्याची आणि शेजारच्या पट्टीची झीज तपासली. दोन भाग वर्षानुवर्षं एकमेकांना घासले असतील तर एकाची झीज दुसऱ्याच्या झिजेला उत्तर देते. ती देत होती. पण पूर्ण नाही, थोडीशी. व्यापारी म्हणाला, खिचडी उत्तम होती. दादानं वहीत लिहिलं: 'खटका ४७, बहुमतानं करेक्ट, कदाचित ओरिजिनल.' त्याखाली तारीख, चौघांच्या सह्या. शंभर वर्षांनी ही वही कुणाच्या हाती लागली तर या सह्या अस्सल आहेत का, यावर एक चांगलं टेबल भरू शकेल.

त्यानंतर आम्ही नोव्हेंबरच्या जत्रेला टल्साला गेलो. शेवटच्या रांगेत एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे एक लुगर होतं. बघताच दादा थबकला. सांगाडा एर्फुर्टचा, गुडघा बर्लिनचा, पट्टी १२, चाप ६०, खटका ८८, मॅगझिन कुठल्या तिसऱ्याच देशाचं वाटावं असं. सगळ्यावर एकच जाड, गडद निळाई आणि बाजूला ठोकलेली एक फुली. ही रशियन फुली. युद्धात रशियनांनी हस्तगत केलेली लुगरं पुढे त्यांच्या शस्त्रागारांत खोलली गेली, भाग एकत्र बुडवून निळे झाले आणि जसे हाताला आले तसे जोडले गेले. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'विजोड. नेमबाजीसाठी बरं.' किंमत आजूबाजूच्या पिस्तुलांच्या निम्मी.

दादा बराच वेळ ते हातात धरून उभा होता. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "या सगळ्या हॉलमध्ये मला खात्री देता येईल असं हे एकच. कारण विजोड पिस्तूल बनावट करायचा त्रास कोण घेईल? जुळणारं बनवतात, मोडकं कोण बनवेल? याच्या प्रत्येक भागावर डोळे मिटून विश्वास ठेव. एकही मूळचा नाही."

एवढं बोलून त्यानं विक्रेत्याचा मान राखायला तेच इंग्रजीतही सांगितलं. म्हातारा ध्यान देऊन ऐकत होता. त्यानं मान हलवली, "हे खरं आहे, हे मला सुचलं नव्हतं," म्हणाला, खिशातून पेन काढलं, चिठ्ठीवरचं 'विजोड' खोडून 'खात्रीचं अस्सल विजोड, छेडछाड नाही' असं लिहिलं आणि किंमत दोनशे डॉलरनं वाढवली.

दादानं घासाघीस केली. म्हातारा पन्नास उतरला. पैसे मोजून झाल्यावर शेजारच्या टेबलावरचा एक गृहस्थ भिंग घेऊन पुढे आला आणि त्या रशियन फुलीवर वाकून म्हणाला, "पण ही फुली तरी मूळची आहे का?"